आपल्यातले

विद्यापीठातल्या ज्या केंद्राचा मी प्रमुख आहे, त्याचं नाव इतकं लांब आहे की शिक्क्यावर ते दोन ओळींतही मावत नाही. मुलं नुसतं ‘सेंटर’ म्हणतात. ग्रंथालयाच्या मागे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आमच्या बाई बसतात. टपाल, टायपिंग, चहा आणि टोमणे ही चारही खाती त्यांच्याकडे. आतल्या खोलीत मी. परगावची, परप्रांतातली, परदेशातली मुलं येतात. घरात पहिल्यांदाच कॉलेजपर्यंत पोचलेली येतात, ऐकू न येणारी येतात. तोंड उघडलं की शेजारचे हसतात म्हणून वर्गात जाणंच सोडलेलीही येतात. आम्ही त्यांचं ऐकून घेतो आणि ज्याला त्याला फोन करतो. काम म्हणाल तर एवढंच. पण माझ्या फोनला पुण्यात थोडं वजन आहे. मी नीट बोलतो. पलीकडच्याला वाटतं, हा आपल्यातलाच माणूस.

असं का वाटतं, हे कित्येक वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही हडपसरचे, बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली, वडील कारखान्यात होते. आडनाव मूळ गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’. अशा आडनावाचा माणूस शुद्ध बोलायला लागला की बाकीचं काय ते लोक स्वतःच ठरवून टाकतात. कॉलेजसाठी सदाशिव पेठेत खोली बघायला गेलो, तेव्हा मालकांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि ‘म्हणजे मूळचे कोकणातले असणार तुम्ही’ असं म्हणत किल्ली हातात ठेवली. मी नाही म्हणालो नाही. त्या घरानं मला पुढे मुलासारखं वागवलं. तापात पेज करून दिली, मुंजीत पंगतीला वाढायला उभं केलं. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. दर वेळी आदल्या वेळेपेक्षा ते अवघड झालेलं असायचं. खोटं मी कधीच बोललो नाही. या गोष्टीचा मला बरीच वर्षं अभिमानसुद्धा होता.

लग्न केलं नाही. खरं म्हणजे होऊ दिलं नाही. इकडच्या ओळखीतून आलेलं स्थळ पुढे न्यावं, तर पहिल्याच बैठकीत सगळं सांगावं लागणार. थोरल्या बहिणीनं, ताईनं, आणलेलं न्यावं, तर सासरची माणसं माझ्या घरी येणार आणि जिन्यातच मोठ्यांदा जय भीम घालणार. म्हणून एकीकडे मी वयाचं कारण सांगितलं आणि दुसरीकडे शिक्षणाचं. पुढे स्थळं यायची थांबली. फ्लॅट मात्र त्याच पेठेत घेतला. घरात देव नाही आणि बुद्धही नाही, भिंती कोऱ्या. शेजारी मला नास्तिक समजतात, आणि पेठेत नास्तिकाला मान असतो. रविवारी दुपारी वरच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकत पडून राहतो. कुणी आलं तर काय काय लपवावं लागेल, याचा विचार करायची आता गरज उरलेली नाही. कुणी येतच नाही.

ही मुलगी आली ती हिंगोलीकडून, संख्याशास्त्र शिकायला. गणितं सुटायची, पण वर्गात शंका विचारता यायची नाही, म्हणून पहिल्यांदा सेंटरला आली. सांगितल्याशिवाय खुर्चीवर बसायची नाही. बाई तिला म्हणाल्या, “बसायला वेगळा अर्ज लागत नाही आमच्याकडे.” ती खुदकन हसली आणि तेव्हापासून बाईंची लाडकी झाली. डबा आणून बाहेरच्या खोलीतच खायची. बाई तिला शेंगदाण्याची चटणी द्यायच्या, वर ‘तुमच्याकडे हिला तिखट म्हणत नसतील’ असं ऐकवायच्या.

ती माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, एका एकट्या राहणाऱ्या काकूंकडे कॉट बेसिसवर राहत होती. काकू माझ्या चांगल्या ओळखीच्या. सकाळी बागेत फिरताना भेटायच्या, दिवाळीत फराळाचं ताट पाठवायच्या. त्यांच्या हॉलमध्ये शोकेसच्या वर बुद्धाचं पितळी मस्तक आहे, कुठल्याशा सहलीत घेतलेलं, वरून छोटा दिवा सोडलेला. ते बघून मुलीला पहिल्याच दिवशी हायसं वाटलं होतं. तिनं आपल्या कॉटशेजारी एक छोटी मूर्ती ठेवली आणि पौर्णिमेला तिच्यापुढे मेणबत्ती लावली. काकूंनी कौतुकानं विचारलं, तुलाही आवड आहे का गं अशा वस्तूंची? ती म्हणाली, आवड नाही काकू, आम्ही बौद्ध आहोत.

आठवड्याभरात काकूंकडे पाहुणे येणार असं ठरलं, आणि महिनाअखेरीला कॉट रिकामी करायला सांगितलं गेलं. परीक्षा तोंडावर आलेली. होस्टेल भरलेलं.

हे सगळं तिनं माझ्यासमोर बसून, आवाज न चढवता सांगितलं. मी काकूंना ओळखतो, फोन करतो, असं म्हणालो. ती उठली. दारापर्यंत गेली. बाई कशाच्या तरी झेरॉक्स काढायला गेल्या होत्या, बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. ती वळली आणि हळूच म्हणाली,

“सर, आपण बौद्धच ना?”

मराठीत ‘आपण’ म्हणजे समोरचा माणूस, आदरानं. आणि ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून. पुढे ‘आहात’ म्हटलं की एक अर्थ, ‘आहोत’ म्हटलं की दुसरा. तिनं दोन्ही म्हटलं नाही, वाक्य तिथंच सोडलं. पुण्यात मला आयुष्यभर ‘आपण कुठले’, ‘आपण म्हणजे नक्की कुठले ते’ असं आदरानं विचारणारे भेटलेत. माझे कान त्यांच्यासाठी घडलेले. मी चौकशी ऐकली. म्हणालो,

“इथं आपण असलं काही विचारत नाही.”

दर वर्षी नव्या मुलांच्या स्वागताला मी हेच वाक्य म्हणतो. टाळ्या पडतात. त्या दिवशी ते मी दार लावून घ्यावं तसं वापरलं. तिचा चेहरा पडला असंही नाही, उलट एकदम व्यवस्थित झाला, मुलाखतीला आल्यासारखा. ‘हो सर, सॉरी सर,’ म्हणून ती गेली.

फोन मी केला, त्याच संध्याकाळी. शब्द दिला होता. मुलगी हुशार आहे, शांत आहे, परीक्षेपर्यंत सांभाळून घ्या, असं सांगितलं. काकू अजिबात चिडल्या नाहीत. उलट बरं वाटलं त्यांना, मन मोकळं करायला माणूस मिळाला म्हणून. मुलगी स्वच्छ आहे, वेळेवर येते, तक्रार काही नाहीच, म्हणाल्या. “पण सणवार असतात हो, सोवळं नसलं तरी काही पाळतोच ना आपण. तुम्हाला काय वेगळं सांगायचं? तुम्ही आपल्यातले.”

मी म्हणालो, “समजतं मला.”

तो शब्द तोंडून कसा गेला, हे मी पुष्कळ वेळा मनाशी जुळवून पाहिलं. संभाषण तुटू नये म्हणून, त्यांचं मन वळवण्यासाठी, सवयीनं. यातलं कुठलंही कारण खोटं नाही. पण खरं हे की ‘आपल्यातले’ ऐकल्यावर मला आतून ऊब वाटली. हे लिहायला मला सगळ्यात जड गेलं. परवापर्यंत हे वाक्य मी माझ्याजवळही बोललो नव्हतो.

पुढचे काही आठवडे ती सेंटरला आली नाही. मी चौकशी केली नाही. काकू बागेत भेटत होत्या, त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. शेवटी बाईच म्हणाल्या, “तुमची ती संख्याशास्त्रवाली दिसत नाही. प्रश्न सुटले म्हणून येत नसेल तर आनंद आहे. पण प्रश्न सुटलेली मुलं निदान सांगायला तरी येतात.” मी कागदात डोकं घातलं.

मग ताईचा फोन आला. ताई हडपसरला, आमच्या जुन्या वस्तीतच राहते. मी महिन्यातून कधीतरी जातो, चहा पिऊन निघतो. फोन शक्यतो मीच करतो. तिचा आला की काहीतरी असतंच.

“तुझ्या सेंटरातली पोरगी हाय आमच्या गल्लीत,” ती म्हणाली. “तिच्या मावशीकडं. आन् परीक्षा न देता गावाला जायाचं म्हणतीय.”

मी म्हणालो, मी बघतो, होस्टेलशी बोलतो.

“ते बघशील रं. त्या घरमालकिणीनं तिला सांगितलं, तुमच्या सरांनाबी समजतं म्हणून. तुला काय समजतं, ते आम्हालाबी सांग की जरा.”

 ताईनं फोन ठेवला नाही. तिच्या मागे कुणाचा तरी टीव्ही चालू होता. मग म्हणाली, रविवारी ये.

रविवारी गेलो. ताईनं मुलीला बोलावून घेतलं आणि स्वतः ओट्याशी चहा ठेवायला वळली, मुद्दाम पाठ करून. मुलगी पलंगाच्या कडेला बसली. सेंटरमध्ये बसायची तशीच, पण इथं तिला कुणी बस म्हणायची गरज पडली नाही, तिचा तिथं वावर होता. वाटेत मी पुष्कळ काही जुळवलं होतं. बसमध्ये ते सगळं चांगलं वाटत होतं.

म्हणालो, “त्या दिवशी तू जे विचारलंस, त्याचं उत्तर मी दिलं नाही. मी बौद्ध आहे.”

ओट्यापाशी ताई फिसकन हसली. माझं शुद्ध बोलणं त्या खोलीत मलाही विचित्र ऐकू आलं.

मुलगी हसली नाही. “मला माहीत होतं सर,” ती म्हणाली. “मावशीमुळं ताईंना मी पहिल्यापासून ओळखते. मी विचारलं नव्हतं.”

“मग?”

“मी म्हणत होते, आपण आहोत ना, मग होईल काहीतरी. मलाच धीर यावा म्हणून म्हटलं. तुम्ही नुसतं हं म्हटलं असतंत तरी चाललं असतं.”

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. वर्गात विचारता न येणारी शंका ती सेंटरमध्ये मांडायची, तशी एकेक पायरी करून तिनं ते समजावून सांगितलं. मला वाटतं, ती रडली असती तर मला काही करता आलं असतं.

मी परीक्षेचं काढलं. अतिथिगृहातल्या खोलीसाठी प्रयत्न करतो, विभागप्रमुखांशी बोलतो, वर्ष वाया घालवू नकोस, असं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. बघते सर, म्हणाली. मग मी म्हणालो की काकूंकडे जाऊन सगळं खरं सांगतो.

“माझ्यासाठी नका सांगू,” ती म्हणाली. “मला तिकडं परत जायचं नाहीये. तुम्हाला सांगायचं असलं तर सांगा.”

चहा झाल्यावर मावशीनं हाक मारली म्हणून ती उठली. ताई मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. वाटेत तीन-चार जणांनी तिला जय भीम केला, मलाही केला. मी परत केला. आवाज बारीक निघाला.

काकूंकडे मी दुसऱ्याच दिवशी गेलो, नाहीतर गेलो नसतो. ‘या, या, बसा’ म्हणाल्या. मी उभ्यानंच सांगितलं. मी कोण, कुठला, आणि त्या दिवशी फोनवर मी जे समजतं म्हणालो ते मला म्हणायचं नव्हतं. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाल्या, “अहो, मग आधी नाही का सांगायचं? माझ्या मनात तसं काही नव्हतं हो.” कुणाविषयी, मुलीविषयी की माझ्याविषयी, ते मला कळलं नाही. त्या वाईट बाई नाहीत. यंदाच्या दिवाळीतही त्यांच्याकडून फराळ आला, फक्त वॉचमनच्या हाती. बागेत दिसल्या की मान लववतात. पेठेत आता कळलेलं आहे. कुणी काही बोलत नाही, आणि यापेक्षा वेगळं काही होईल असं मी तीस वर्षं का धरून चाललो होतो, तेही आता आठवत नाही.

त्यांच्याकडून घरी आलो आणि चप्पलसुद्धा न काढता मुलीला फोन लावला. अतिथिगृहातल्या खोलीचं अजून काही जमलेलं नव्हतं. म्हणजे सांगण्यासारखं माझ्याजवळ एकच होतं, की मी काकूंना सांगून आलो. ते सांगितलं. तिकडून बसचा आवाज येत होता.

“बरं सर,” ती म्हणाली. “उद्या पेपर आहे. ठेवते.”

हडपसरहून दोन बस बदलून ती पेपरला जाणार होती. गावाला न जाता कुणाच्या सांगण्यानं थांबली, ताईच्या, मावशीच्या की स्वतःच्या, ते मी कधी विचारलं नाही. माझ्यामुळे नाही, एवढं नक्की. आनंद झाला, हे खरं आहे. पण हेही खरं की फोन हातात धरून मी उभा होतो आणि वाट बघत होतो, तिनं आणखी एखादा शब्द बोलावा म्हणून. तिनं फोन ठेवलेला होता.