ओढ्याकडचं राखलेलं गवत

माकणीच्या सकिनाबींची चाळीस वर्षं शेळ्यांमागं गेली. गायरानातला ओढ्याकडचा तुकडा त्या पावसाळाभर राखायच्या; गवतानं बी धरेपर्यंत तिथं एकही जनावर फिरकू द्यायच्या नाहीत. लेकीच्या निकाहादिवशीसुद्धा काठी घेऊन चक्कर मारून आलेल्या. उन्हाळ्यात गावाला तेवढाच चारा उरायचा.

यंदा ऐन श्रावणात टॅब घेऊन एक साहेब आले. उपग्रहाच्या नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "हा हिरवा तुकडा वापराविना पडलाय. उद्यापासून सगळ्यांची जनावरं इथंच सोडा."

सकिनाबींचं डोकं फिरलं. "वापराविना डोंबलाचं! राखलाय त्यो!"

"आजी, उपग्रहाला सगळं दिसतं."

"व्हय? मंग तिथं चाळीस वर्षं शेळ्या हुसकावत उभी असलेली मी कशी दिसले न्हाय त्याला?"