उधन्याच्या पडद्यावरचा लोटू

...आणि मग त्या कॅमेरेवाल्यांनी लोटूला सोडून धुडकूलाच यंत्रमागापुढं उभं केलं, बरं का! मुंबईहून मागकामगारांवर माहितीपट काढायला आलेली मंडळी ती. लोटू टेरिलीनचा शर्ट घालून, केसांना तेल चोपडून तयार; त्यांना हवं होतं घामेजलेलं बनियन. ते होतं धुडकूच्या अंगावर.

आता लोटू म्हणजे कसा माणूस? अमळनेरकडून सुरतेत आला, तिथल्या उधना भागात कारखान्यात माग धरला. कामाला वाघ. पण शेजाऱ्यानं सायकलला नवी घंटी लावली, तरी याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. धुडकू तर त्याच्याच गावचा, शेजारच्याच मागावरचा. तो सिनेमात पुढं, आणि आपण त्याच्या पाठीमागं! लोटूच्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

मागांच्या त्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून विणकर नुसते ओठ हलवून बोलतात, आणि समोरचा ओठ बघून समजून घेतो. लोटूनंही कॅमेरा चालू असताना धुडकूच्या पाठीमागं ओठांनीच मन मोकळं करून घेतलं. आवाज कुठं जातोय!

दिवाळीनंतर तीच मंडळी माहितीपट दाखवायला आली. मैदानात पडदा लागला, सगळी वस्ती लोटली. धुडकूला खुर्चीवर पुढं बसवलेलं बघून लोटू उठून चाललाच होता. बायकोनं, सुंदरानं, सदरा ओढून त्याला खाली बसवलं. पडद्यावर धुडकू मागाच्या धोट्यात धाग्याची कांडी भरतोय, मागं लोटू. निवेदक भारदस्त आवाजात सांगतोय, "हे कामगार एकमेकांशी सख्ख्या भावांसारखे राहतात."

आणि मैदानात हशा फुटला! बसलेले सगळे विणकरच की. लोटूच्या ओठांवरचं प्रत्येकाला कळलं: "तुनं थोबाड कोन देखस रे, धुडक्या! तुना कापडले तं म्हैस बी तोंड लावाव नही!"

"लोटूवालं परत लावा!" लोक ओरडले. मशीनवाल्याला कळेना काय झालं, पण त्यानं बिचाऱ्यानं लावलं परत. सुंदरानं पदरात तोंड लपवलं. धुडकूला मात्र ती खुर्ची टोचायला लागली. तो तरातरा लोटूपुढं येऊन उभा राहिला.

"पिक्चर मना व्हता, लोटू! आन् समदा तुनाकडेच देखी ऱ्हायनात!"

लोटू मान खाली घालून म्हणाला, "त्यास्नी माले पुढे उभं करं असतं, तं मी कसाले तोंड उघाडतू?"