वीस मिनिटं न हलवलेली काचेची नळी

मंडळी, आत्ताच ड्यूटीवरनं आलेय. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय जेवण जायचं नाही.

इमर्जन्सी नर्सिंगची परीक्षा पास झाल्यानंतरची आज माझी पहिलीच ड्यूटी. दुपारी बोरी बुद्रुकच्या एक मावशी आल्या. कांदा खुरपताना पायाला काहीतरी चावलं, पण साप कुणी बघितला नव्हता.

अशा वेळी रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं ठेवायचं. गोठलं नाही तर विष भिनलंय. मध्येच नळी हलवली की सगळं वाया.

मावशींचा भाऊ लई चिडला. "ताई, नुसतं घड्याळ काय बघताय? सुई टोचा की!"

म्हटलं, "भाऊ, वीस मिनिटं थांबा. मी इथनं हलत न्हाई."

मग नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

ड्यूटीवरच्या डॉक्टर सरांना सांगितलं, "सर, गोठलं नाही."

ट्रेनिंगच्या वर्षभरात माझ्यानंतर सर स्वतः नळी तिरकी करून बघायचे. आज त्यांनी नळीकडे पाहिलंही नाही. फक्त म्हणाले, "विषावरचं औषध चालू करा."

संध्याकाळी मावशी चहा मागत होत्या.

तुमच्या कामात तुमची नळी पुन्हा तपासायचं कुणी कधी थांबवलं? सांगा की राव.