बाटलीबाहेरचा पाऊस

पाऊसमामा आधी आकडा सांगत आणि मग पाऊस मोजत. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकासमोर डोळे मिटून उभे राहायचे, "शहाऐंशी," असं पुटपुटायचे आणि मग बाटलीतलं पाणी मापात ओतायचे. शहाऐंशीच मिलिमीटर भरायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी कोल्हापुरात नोकरीला होते. घाटातल्या एका धरणाखालचं वीजघर बदलत्या पावसात कितपत टिकेल, याचा अहवाल मला करायचा होता, आणि धरणावरच्या पावसाची रोजची वही मामांकडे असायची. माणूस मूळचा शिरोळचा, लहानपणी पुरात घर गेलेलं. जेवताना मध्येच घास हातात धरून कान टवकारायचे. काय ऐकताय विचारलं तर म्हणायचे, "डोंगर पानी पितोय अजून. थांबला की सांगतो."

ते चुकलेले मी एकदाच पाहिले. आदल्या दिवशी पावसाने झोडपलं होतं. मामांनी आकडा मोठा सांगितला, मापात बराच कमी भरला. मी हसले. मामा हसले नाहीत.

"मी न्हाय चुकलो म्याडम, बाटली चुकली. ती भरली की वरचं पानी भायेरच्या गळक्या डब्यातनं वाया जातंय. शेऱ्यात लिवलंय की!"

खरंच, वहीत दर काही पानांनी तोच आकडा आणि पुढे शेरा: बाटली भरली. मी दीडशहाणी! आकडे उतरवून घेतले, शेरे सोडले. सर्वांत मोठा पाऊस बाटलीएवढाच धरला आणि वीजघर सुरक्षित आहे असं लिहून मोकळी झाले.

काही वर्षांनी पावसाळ्यात तिथेच तपासणीला गेले. आठवडाभर धार तुटली नव्हती. साडेआठला मामांनी डोळे मिटले. मग उघडले.

"आकडा येत न्हाय," ते म्हणाले. "डोंगर प्यायचा थांबलाय. खालची मान्सं वर घ्या. आत्ताच."

मी वीजघराकडे धावले. आत कामावर असलेले सहाही जण वर आले, तोवर पाणी यंत्रांवर चढलं होतं. मागे वळून पाहिलं तर मामा उभे होते तिथे दरड आली होती.

मामा सापडले नाहीत. त्यांच्या खोलीतल्या वहीत त्या सकाळची ओळ होती: "बाटली भरली. ओतून पुन्हा ठेवतो." अहवाल मी नव्याने लिहिला, सगळ्या शेऱ्यांसकट. पण ज्यांनी तो वाचायला हवा होता ते मामाच गेले होते.

आठ दिवसांनी चिखल उपसला. पर्जन्यमापक सरळ उभं होतं. पाऊस अजून थांबला नव्हता. मी वरचं नरसाळं काढून बाटली उचलली. ती रिकामी होती, आत्ताच कुणी ओतून ठेवल्यासारखी.