जात्यावरचं नाव

मामा लढाईवर गेला आणि त्यानंतर त्याची काहीच खबर आली नाही. आई मात्र पहाटे जात्यावर बसली की प्रत्येक ओवीच्या शेवटी त्याचं नाव घ्यायची. आमच्याकडे भावाचं नाव घेतल्याशिवाय बहिणीची ओवी पुरी होत नाही.

माझा एक मित्र आमच्या उंब्रजचाच, शेजारच्या घरातला, आईच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला. सांगलीला एका मासिकात चिकटला होता. सुट्टीत आला नि म्हणाला, "मावशी, तुमच्या ओव्या छापतो. आपल्याच बोलीत, जशा हायेत तशा."

"त्यो कागद पलटनीत जातुया का?" आईनं विचारलं.

"जातुया की. कुनीतरी वाचंल, भावाला सांगंल."

एवढ्यावर ती तयार झाली. जात्याशिवाय ओवी सुचत नाही आणि रिकामं जातं फिरवायचं नसतं, म्हणून भर दुपारी तिनं दुसऱ्या दिवशीचे जोंधळेही दळून टाकले. मित्र बाजूला बसून लिहून घेत होता.

अंक आला. मी मोठ्यानं वाचायला लागलो. 'हाय'चं 'आहे' झालेलं, 'कवा'चं 'केव्हा'. आई ऐकत होती. मग म्हणाली, "नाव कवा येतंया?"

नाव आलंच नाही. मामाच्या नावाच्या जागी सगळीकडं 'बंधुराया' छापलं होतं. माझं डोकंच फिरलं. तडक सांगली गाठली.

"अरे, सुशिक्षित वाचकांना ते गावंढळ वाटलं असतं," तो म्हणाला. "आणि तुझ्या मामाला कोण ओळखतं?"

ज्यानं माझ्याबरोबर ओढ्यात म्हशी धुतल्या, तो माझ्याशीच पुस्तकासारखं बोलत होता! परका असता तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. इथं आपल्याच माणसानं केसानं गळा कापला होता. परतताना मला रडू आवरेना.

दिवाळीला स्वारी पुन्हा आमच्या दारात हजर. ओव्या लोकांना आवडल्या होत्या, आणखी हव्या होत्या. आई उठली. जात्यापाशी जाऊन बसली आणि तिनं खुंटा धरला.

"मावशी, आदी दानं घाला की!" तो घाईघाईनं म्हणाला. "रिकामं जातं फिरवू नगा."

"एवढं ध्यानात हाय व्हय तुज्या?" आई म्हणाली आणि तिनं खुंट्यावरचा हात काढून घेतला.