उलट्या पट्ट्या

हे आत्ताच सांगतो, नाई तर पुन्हा गिळून टाकीन. आज नव्या रिमोटच्या विमानाले गोंद लावून राह्यलो होतो. त्या झणझणीत वासानं बल्लारपूरचा प्रवीण आठवला.

कॉलेजात त्यानं महिनाभर थर्माकोल कापून विमान बनवलं. पंखाच्या हलणाऱ्या पट्ट्या मी जोडल्या. धान कापलेल्या बांधीत, म्हंजे मोकळ्या वावरात, मी विमानाच्या तोंडासमोर उभा राहून त्या तपासल्या. प्रवीण म्हणाला, "एकदा मागून पाहून घे ना बे."

"मले शिकवतं काय? उडव."

विमान उडालं अन् डावीकडे झुकलं. त्यानं रिमोटची काडी उजवीकडे ढकलली, तसं ते आणखीच डावीकडे कलंडून वावराच्या कडेच्या धुऱ्यावर आदळलं. मी आधी पोचलो. त्यानं काडी अजून उजवीकडेच धरली होती अन् पट्ट्या उलट्या वळलेल्या होत्या. समोरून पाहून मी डावं-उजवंच उलटं केलं होतं.

पट्ट्या उलट्या हलतानी त्याले दिसू नये म्हणून मी गुपचूप बॅटरीची वायर काढली. म्हटलं, "तुया हात थरथरला, लेका."

त्यानं आपल्या हाताकडे पाह्यलं. "असन बे," म्हणाला. पुन्हा त्यानं रिमोट धरलाच नाई.

तवा वाचल्यासारखं वाटलं होतं. आज मागं उभा राहून पट्ट्या तपासल्या, तर त्याचे ते हातच दिसले. त्याचा नंबर आहे, पण अजून लावला नाई. तुमच्याही हातून कोणावर अशी आपली चूक ढकलली गेली काय?