‘पुसलं’ लिहिलं की लिंक यावी

होटगीची इंद्रायणी सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती. शहरातल्या प्रोग्रामरांचा एक ऑनलाइन चॅट ग्रुप होता. त्यात ठरलेला शब्द लिहिला की बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, नेमक्या माहितीची लिंक पाठवायचा. पण ते शब्द म्हणजे ‘व्हीसीआर-दोन’, ‘डीबीजी’ असले. ग्रुप चालवणाऱ्या गुरुशांत सरांशिवाय ते कुणाच्याच ध्यानात राहत नसत.

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात काम करत कोडिंग शिकणाऱ्या आदिनाथनं एकदा ग्रुपवर विचारलं, “सगळा कोड पुसला गेला. परत कसा आणू?” दोन दिवस कुणी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तो ग्रुप सोडून गेला. त्याचं उत्तर बॉटकडे वर्षभर पडून होतं, हे पाहून इंद्रायणी चरफडली.

“सर, शब्द बदलू या.”

“यादी दिलीय की. पाठ करायची.”

“अडकलेला माणूस यादी शोधत बसत नाही, सर. मी करते. पटलं नाही तर काढून टाका.”

जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला सारून तिनं वर्षभराचे प्रश्न वाचून काढले. आधी स्वतःच्या मनानं छान छान शब्द केले. ‘पुनर्प्राप्ती’ तर तिला फारच आवडला होता. शेजारच्या टेबलावरच्या, नुकतंच कोडिंग शिकू लागलेल्या पायलला तिनं विचारलं, “फाईल उडाली तर काय लिहिशील?”

“पुसलं,” पायल पटकन म्हणाली.

इंद्रायणीनं ‘पुनर्प्राप्ती’वर काट मारली. मग तिनं सात जणांना विचारलं. त्यांतल्या निदान दोघांना तरी जो शब्द सुचला नाही, तो गेला. कुणी ‘चालेना’ लिही, कुणी ‘चालंना’. तिनं दोन्ही ठेवले. सुरुवातीच्या चाळीस शब्दांतले अठरा उरले.

तिनं आदिनाथला फोन लावला.

“ताई, मला वाटलं तितं आपलं काम न्हाय.”

“परत या. आणि काही अडलं की पहिल्यांदा मनात काय येतं, तेवढं मला सांगा.”

तो आला, आणि येताना ‘अडकलं’ हा शब्द घेऊन आला. गुरुशांत सरांनी तो आणि आधीचे अठरा, सगळे शब्द बॉटमध्ये घातले. फक्त आपला ‘डीबीजी’ काढू दिला नाही. इंद्रायणीनंही हट्ट धरला नाही.

महिन्यानं तिनं मोजलं, तर चार शब्द कुणी वापरलेच नव्हते. तिनं ते काढून टाकले आणि नवे प्रश्न वाचायला घेतले.